रात्री छातीत धडधडतं तेव्हा: ठोक्यांचा आजार आणि झोप

हृदयाच्या ठोक्यांचा आजार असलेल्या माणसाने ‘रात्री झोप लागत नाही’ म्हटलं की ठरलेले सल्ले मिळतात. मोबाइल लांब ठेवा, लवकर आडवे व्हा, टेन्शन घेऊ नका. सल्ले वाईट नाहीत, पण मूळ दुखण्याला ते हात घालत नाहीत, कारण ही झोप प्रत्येकाची वेगळ्या कारणाने बिघडते. कुणाची झोप ठोके बिघडल्यामुळे मोडते. कुणाचे ठोके झोपेत श्वास अडकल्यामुळे बिघडतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. कुणाची झोप गोळ्यांनी उडालेली असते. आणि बऱ्याच जणांचे ठोके उपचारांनी आटोक्यात आलेले असतात, पण मनात बसलेली धास्ती डोळ्याला डोळा लागू देत नाही. यातलं आपलं कुठलं, हे कळल्याशिवाय उशी बदलून किंवा झोपेची गोळी घेऊन फारसं काही हाती लागत नाही.

रात्री हृदय वेगळं का वागतं

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथून निघालेली विजेची लहर हृदयभर पसरते आणि एक ठोका पडतो. असे दिवसाला सुमारे 1 लाख ठोके पडतात. या नोडवर दोघांचा अंमल चालतो. धावताना, रागावल्यावर, घाबरल्यावर ठोके वाढवणारी एक यंत्रणा, आणि मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून त्यांना लगाम घालणारी दुसरी. गाढ झोपेत लगाम घालणारीचा वरचष्मा असतो. म्हणून जागेपणी मिनिटाला 70 ठोके पडणाऱ्या निरोगी माणसाचे ठोके झोपेत 50, कधी 45 पर्यंतही उतरतात, रक्तदाब 10 ते 20 टक्क्यांनी खाली येतो, आणि मध्येच दोन ठोक्यांत दोनेक सेकंदांचं अंतरही पडतं.

चोवीस तासांच्या हॉल्टर तपासणीच्या, म्हणजे दिवसरात्र ठोके नोंदवण्याच्या, रिपोर्टमध्ये ‘किमान ठोके 44, वेळ रात्री 2:40’ असं वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. दिवसा चक्कर येत नसेल, शुद्ध हरपत नसेल, तर एवढ्या एका आकड्याला सहसा काही अर्थ नसतो. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 साली मंद ठोक्यांबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हेच आहे: ठोके फक्त झोपेत मंदावतात म्हणून पेसमेकर बसवू नका, आधी झोपेत श्वास अडकतो का ते बघा. श्वासाच्या मुद्द्याकडे पुढे येतोच आहे, कारण माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं.

झोपही रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड तासाची चक्रं चालतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त. स्वप्नांच्या झोपेत ठोके, श्वास, रक्तदाब एकदम वरखाली होतात, मग स्वप्न लक्षात राहो वा न राहो. पहाटे दचकून जाग आली आणि छाती धडधडत असली, तर दर वेळी आजार उसळलाय असं समजायचं कारण नाही. काही मिनिटांत ठोके शांत होत असतील आणि नाडी एकसारखी लागत असेल, तर ती झोपेचीच करामत असण्याची शक्यता मोठी.

आता एट्रियल फिब्रिलेशनबद्दल, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात त्याबद्दल. यात सायनस नोडचा आवाज दबून जातो आणि वरच्या कप्प्यांत, वर्गातली सगळी मुलं एकदम बोलू लागावीत तशा, जागोजागच्या लहरी एकाच वेळी उठतात. नाडी बेताल होते. या लहरींची सुरुवात बऱ्याचदा फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी होते, हे फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी 1998 साली दाखवून दिलं. आजच्या अ‍ॅब्लेशन उपचाराचा (त्या जागा जाळून किंवा गोठवून निकामी करण्याचा) पाया तोच. त्याच्याही आधी, 1970 च्या दशकात, पॅरिसचे हृदयरोगतज्ज्ञ फिलिप कूमेल यांच्या लक्षात आलं होतं की काही रुग्णांचा एएफ दिवसाच्या धावपळीत कधीच येत नाही. तो रात्री येतो, विश्रांतीत येतो, भरपेट जेवणानंतर येतो. म्हणजे जेव्हा व्हेगसचा अंमल चालू असतो तेव्हा. व्हेगस ठोके मंद करतो हे खरं, पण वरच्या कप्प्यातल्या पेशी दोन लहरींच्या मध्ये जी विश्रांती घेतात, तीही तो कमी करतो. विश्रांती कमी पडली की भरकटलेली लहर तिथे तग धरू शकते.

हे वाचून ‘मग झोपणंच धोक्याचं का?’ असं वाटून घेऊ नका. यातून निघणारी गोष्ट कामाची आहे. तुमचे झटके ठरावीक वेळी येतात का, हे लिहून ठेवा. रात्रीच येत असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. नेहमीची ठोके मंदावणारी गोळी अशा काही जणांना फारशी लागू पडत नाही आणि औषधाची निवड बदलावी लागते. रात्रीचं जेवण हलकं आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी घेण्याचा फायदाही याच लोकांना जास्त जाणवतो. शिवाय त्यामुळे छातीत आंबट वर येणं थांबतं, आणि रात्रीच्या धडधडीत त्याचाही वाटा असू शकतो.

‘ठोका चुकला’ म्हणजे काय होतं

एएफ नसलेल्यांनाही छळणारी एक गोष्ट आहे: मध्येच ठोका चुकल्यासारखं वाटणं, छातीत एकदम गचका बसणं. खरं तर ठोका चुकलेला नसतो, उलट एक जादाचा ठोका वेळेआधी पडून गेलेला असतो. हृदय पुरतं भरायच्या आत तो पडतो, म्हणून तो जाणवतच नाही. त्याच्यामागे थोडी लांब विश्रांती येते. तेवढ्या वेळात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका ते सगळं जोराने बाहेर टाकतो. आपल्याला जाणवतात ती रिकामी जागा आणि तो जोरकस ठोका. हृदयाची रचना चांगली असलेल्या माणसांत असे अधूनमधून पडणारे जादाचे ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, नॉर्मल असेल आणि डॉक्टरांनी चोवीस तासांची नोंद बघून ‘काळजीचं कारण नाही’ म्हटलं असेल, तर त्या शब्दावर विश्वास ठेवावा.

रात्री ते जास्त जाणवतात याची कारणं अगदी साधी आहेत. आवाज नसतो, लक्ष दुसरीकडे नसतं, कान उशीला टेकलेला असतो. आणि डाव्या कुशीवर झोपल्यावर हृदय छातीच्या भिंतीला जास्त चिकटतं, त्यामुळे प्रत्येक ठोका बरगड्यांवर आपटल्यासारखा वाटतो. एएफच्या काही रुग्णांमध्ये डावी कूस नुसती जाणीव वाढवत नाही, झटकाही सुरू करते, असंही दिसलं आहे. तुमच्या बाबतीत तसं होत असेल तर उजव्या कुशीवर झोपून बघा, पाठीमागे लोड किंवा उशी लावा म्हणजे झोपेत पालटणार नाही. होत नसेल तर डावी कूस टाळायची काही गरज नाही.

घशातली अडचण

आता त्या दुर्लक्षित मुद्द्याकडे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की हवेची वाट बंद होते. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. असं एकदा झालं की काय घडतं ते सावकाश बघू.

घोरणं चालू असतं. एकाएकी ते थांबतं. शेजारच्याला वाटतं, चला, शांत झोपला. प्रत्यक्षात छाती आणि पोट श्वास घ्यायला जोर लावत असतात, पण हवा आत जात नाही. बंद वाटेवर असा जोर लावल्याने छातीच्या आत ओढ निर्माण होते, आणि हृदयाचे पातळ भिंतींचे वरचे कप्पे त्या ओढीने ताणले जातात. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, ठोके मंदावतात. मग मेंदू धोका ओळखून माणसाला अर्धवट जागं करतो. एक जोराचा घरघराट होतो, वाट मोकळी होते, आणि त्याच क्षणी अ‍ॅड्रेनलिनची लाट येते. ठोके धावतात, रक्तदाब उसळतो. माणूस कूस बदलून परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही.

असे निदान दहा सेकंदांचे अडथळे तासाला 5 ते 15 वेळा आले तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. तीव्र आजाराचा माणूस रात्रभरात दोनशेच्या वर वेळा या चक्रातून जातो. वरचे कप्पे रोज असे ताणले गेले की त्यांच्यात बारीक चट्टे तयार होतात, आणि एएफला हवी तशी जमीन मिळते. एएफच्या रुग्णांमध्ये स्लीप अ‍ॅप्निया फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2004 साली दिलेल्या अहवालात एएफच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना तो असण्याची दाट शक्यता दिसली होती.

अडचण अशी की एएफच्या रुग्णांना दिवसा पेंग येतेच असं नाही. ‘मी दुपारी डुलक्या देत नाही, मग मला कशाला असेल’ हा तर्क इथे चालत नाही. झोपाळूपणा मोजणाऱ्या नेहमीच्या प्रश्नावल्या या रुग्णांमध्ये बऱ्याचदा फसतात. त्यापेक्षा या खुणा बघा: मोठ्याने घोरणं, घरच्यांनी श्वास थांबताना पाहिलेला असणं, सकाळी डोकं जड असणं, तोंड कोरडं पडणं, औषधं घेऊनही रक्तदाब न उतरणं. आणखी एक खूण आहे, ती सहसा कुणी झोपेशी जोडत नाही: रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं. ताणलेले वरचे कप्पे एक संप्रेरक सोडतात, आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला सांगतं. एएफचा झटका आल्यावरही असंच घडतं, धडधड सुरू झाली की बाथरूमच्या चकरा सुरू होतात. म्हणजे प्रोस्टेटवर किंवा वयावर ढकललेला हा त्रास मुळात घशात आणि हृदयात असू शकतो.

तपासणी अवघड राहिलेली नाही. बऱ्याच वेळा ती घरीच होते: छातीला एक पट्टा, नाकाशी एक बारीक नळी, बोटाला प्राणवायू मोजणारी क्लिप, आणि एक रात्र. फक्त तुम्हाला एएफ आहे हे यंत्र देणाऱ्याला आधीच सांगा. काही घरगुती यंत्रं नाडीच्या लहरींवरून हिशेब करतात, आणि नाडीच बेताल असेल तर त्यांचा हिशेब चुकू शकतो.

मध्यम किंवा तीव्र आजारावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप. हे नाकावर मास्क लावून हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली जगासमोर आणलं. त्याबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. मेयो क्लिनिकच्याच 2003 च्या एका निरीक्षणात, विजेचा झटका देऊन ताल पूर्ववत केल्यावर वर्षभरात एएफ परत येण्याचं प्रमाण उपचार न घेतलेल्या अ‍ॅप्नियाच्या रुग्णांत 82 टक्के होतं आणि घेतलेल्यांत 42 टक्के. पण सीपॅप वापरणारे लोक मुळातच स्वतःची जास्त काळजी घेणारे असू शकतात. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग झाले. नॉर्वेतल्या 2021 च्या अशा प्रयोगात पाच महिन्यांच्या सीपॅपने एएफचा काळ कमी झालेला दिसला नाही. मग मास्क लावायचा कशाला? झोपेसाठी. सलग झोप लागते, सकाळी ताजंतवानं वाटतं, रक्तदाबाला थोडी मदत होते. एएफ हमखास कमी होईल असं वचन कुणी देत असेल तर ते आज देता येण्याजोगं नाही, एवढंच.

पहिले काही आठवडे मास्क नकोसा होतो. नाक कोरडं पडतं, गुदमरल्यासारखं वाटतं, कडेने हवा सुटते. बरेच लोक इथेच यंत्र कपाटात टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण यातल्या जवळपास प्रत्येक तक्रारीवर तोडगा असतो: वेगळ्या मापाचा मास्क, हवा दमट करणारी सोय, दाब हळूहळू वाढवण्याची सेटिंग. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसण्याचा सराव अनेकांना कामी येतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा आयसीडी (धोकादायक लय आल्यास विजेचा झटका देणारं यंत्र) आहे त्यांनी मात्र मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा नाहीत ना, हे आवर्जून विचारावं. चुंबक अशा यंत्रापासून निदान 15 सेंटिमीटर लांब हवा, आणि झोपेत ते अंतर सांभाळता येत नाही. बिनचुंबकाचे मास्क मिळतात.

वजन जास्त असेल तर ते कमी करण्याइतका दुहेरी फायदा क्वचितच कशाने होतो. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या 2015 च्या अभ्यासात ज्यांनी आपलं वजन 10 टक्के किंवा त्याहून जास्त उतरवलं आणि टिकवलं, त्यांची एएफशिवाय राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सहा पटींनी जास्त दिसली. घशाभोवतीची चरबी कमी झाल्याने अ‍ॅप्नियाही उतरतो.

गोळीचं वेळापत्रक

झोप बिघडल्याची तारीख आणि नवी गोळी सुरू झाल्याची तारीख एकमेकांशेजारी लिहून बघा. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधं मेंदूपर्यंत पोहोचतात आणि काही जणांना त्यांनी भडक, भीतिदायक स्वप्नं पडतात. शिवाय रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारं मेलाटोनिन तयार व्हायला या गटातली औषधं अडथळा आणतात. अटेनोलॉलसारखी काही औषधं मेंदूत कमी जातात. वेळ बदलणं, डोस बदलणं, गटातलंच दुसरं औषध देणं, असे मार्ग डॉक्टरांकडे असतात, पण तुम्ही स्वप्नांबद्दल बोललातच नाही तर त्यांना कळणार कसं? आपल्या मनाने गोळी एकदम बंद करणं मात्र धोक्याचं आहे, त्याने ठोके उसळून वाढू शकतात.

सूज उतरवणारी, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर रात्री उठण्याचं कारण तिथेच सापडलं. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास टिकतो, त्यामुळे दुसरा डोस असेल तर तो दुपारी लवकर घेता येतो का, हे विचारा. ताल सांभाळणाऱ्या अमिओडॅरोनच्या 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे शरीराच्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट. त्याने थायरॉइड बिघडू शकतो. गोळी चालू असताना नव्याने झोप उडाली, घाम यायला लागला, वजन उतरलं, तर थायरॉइडची रक्ततपासणी मागून घ्या. रक्त पातळ ठेवणारी डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांनी ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होऊन रात्र जाते.

आणि झोपेच्या गोळ्या. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या गोळीबद्दल मी इथे ठाम आहे: ठोक्यांचा आजार असताना ती घेऊ नये. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या औषधांपैकी डायफेनहायड्रामीन, हायड्रॉक्सिझीन यांनी गुंगी येते म्हणून लोक ती झोपेसाठी घेतात. पण प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, ईसीजीवरचा क्यूटी, ती लांबवू शकतात. सोटॅलॉल किंवा अमिओडॅरोन या ताल सांभाळणाऱ्या औषधांनी तो आधीच लांबलेला असतो. दोन्ही एकत्र आली की जिवावर बेतणारी लय सुरू होऊ शकते. गुंगीच्या काही गोळ्या घसा आणखी सैल करतात, म्हणजे न तपासलेला अ‍ॅप्निया वाढतो. मेलाटोनिन तुलनेने सौम्य आहे, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते घेण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं.

दारू आणि कॉफी

या दोघींना एका माळेत ओवतात, ते बरोबर नाही. दारूबद्दल पुरावा स्वच्छ आहे. ऑस्ट्रेलियातल्या 140 एएफ रुग्णांवरच्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्यांना दारू सोडायला सांगितली आणि निम्म्यांचं नेहमीचं पिणं चालू राहिलं. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी 53 टक्क्यांना एएफ परत आला, पिणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना. दारूने झोप लवकर लागते म्हणतात ते खरं, पण ती उतरू लागली की झोप तुटते, घसा सैल पडतो, ठोके वाढतात. रात्रीचा पेला हा झोपेचा उपाय नव्हे.

कॉफीचं तसं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी 2023 साली 100 निरोगी माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही दिवस कॉफी, काही दिवस बंद. वरच्या कप्प्यातले जादाचे ठोके कॉफीने लक्षणीय वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले वाढले, आणि झोप रात्रीमागे सरासरी 36 मिनिटांनी कमी झाली. त्याच गटाच्या 2025 च्या प्रयोगात ताल पूर्ववत केलेल्या 200 रुग्णांपैकी रोज कॉफी पिणाऱ्यांमध्ये एएफ परत येण्याचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमीच निघालं. तेव्हा हृदयाच्या भीतीने सकाळचा कप सोडायची बहुतेकांना गरज नाही. झोपेसाठी मात्र दुपारनंतर नको, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनंतरही रक्तात असतं.

धास्तीची सवय

पहिला मोठा झटका रात्री आलेला असेल, तर शरीर अंथरुणाला त्या झटक्याशी जोडून टाकतं. झोपायची वेळ झाली की छाती आवळते, बोटं मनगटावर जातात, मनगटावरच्या घड्याळातला ठोक्यांचा आकडा बघितला जातो. 78. परत बघितला, 84. आकडा वाढला म्हणून भीती वाढली आणि भीती वाढली म्हणून आकडा आणखी वाढला. आजार आटोक्यात आल्यावरही हे चक्र आपोआप थांबत नाही.

जुनाट निद्रानाशावर अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2016 साली गोळीच्याही आधी एक उपाय सुचवला: निद्रानाशासाठीची वर्तनचिकित्सा. साधारण सहा ते आठ बैठकांची ही शिकवणी असते. तिच्या गाभ्यातला एक नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडला होता. खरोखर पेंग आल्यावरच अंथरुणावर जायचं. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत यायचं. रात्र कशीही गेलेली असो, सकाळी उठायची वेळ तीच. ऐकायला उफराटं वाटतं, कारण दमलेल्या माणसाला जास्त वेळ पडून राहावंसं वाटतं. पण अंथरुणात जागं पडून राहण्याचे तास कमी झाले की अंथरूण पुन्हा झोपेचं होऊ लागतं. या चिकित्सेत झोपेचे तास मुद्दाम आखडण्याचाही एक भाग असतो. ठोक्यांचा आजार असताना तो एकट्याने करू नका. अपुऱ्या झोपेने झटके येणाऱ्यांसाठी जाणकार तो हलक्या हाताने करतात.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल माझं मत असं: एएफ पकडायला ते उपयोगी आहे, झोप मोजायला बेताचंच. घड्याळ त्वचेखालच्या रक्ताच्या हालचालीवरून ठोके मोजतं, त्यामुळे बेताल नाडीत त्याचा आकडा चुकू शकतो. डॉक्टरांनी रात्री लावायला सांगितलं असेल तर लावा, पण सूचना बंद ठेवून. तपासायचंच झालं तर दोन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, ती एकसारखी आहे का ते बघा, आकडा लिहा आणि बोटं काढा. एकदाच.

आयसीडी बसवलेल्यांची भीती वेगळी असते: झोपेत यंत्राचा झटका बसला तर? ती बोलून दाखवायची गोष्ट आहे. यंत्राच्या सेटिंग कशा आहेत, आतापर्यंत नोंद काय आहे, हे दवाखान्यात बसून समजून घेतल्यावर बरंच ओझं उतरतं. यंत्र बसवल्याची जखम भरल्यावर त्या बाजूच्या कुशीवर झोपायलाही सहसा हरकत नसते.

ज्यांनी जास्त जपायचं

मोजक्या आनुवंशिक आजारांत रात्रीला खरंच महत्त्व असतं. ब्रुगाडा सिंड्रोम, ज्याचं वर्णन ब्रुगाडा बंधूंनी 1992 मध्ये केलं, त्यात धोकादायक लय बहुधा विश्रांतीत किंवा झोपेत येते, आणि तापात धोका वाढतो. म्हणून या रुग्णांनी ताप अंगावर काढायचा नाही, लगेच उतरवायचा. जन्मतः क्यूटी लांबलेला असण्याच्या, लाँग क्यूटी नावाच्या आजाराच्या दुसऱ्या प्रकारात अचानक झालेला मोठा आवाज घातक ठरू शकतो, अगदी गजराचा किंवा फोनचाही. अशा घरात झोपायच्या खोलीत कर्कश गजर ठेवत नाहीत. तिसऱ्या प्रकारात झटके जास्त करून झोपेत येतात. घरात कुणी तरुण वयात झोपेतच अचानक गेलं असेल, तर ही माहिती डॉक्टरांना न विचारताही सांगा.

आणि पुढच्या गोष्टींसाठी सकाळची वाट बघायची नसते: छातीत दुखणं किंवा दाब येणं, शुद्ध हरपणं, आडवं पडवत नाही इतका दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, किंवा विश्रांतीतही खूप वेगाने धावणारी, न थांबणारी नाडी. लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

बाकीच्यांनी पुढच्या भेटीआधी दोन आठवडे एक वही ठेवावी. कधी आडवे झालात, कधी उठलात, रात्री किती वेळा लघवीला गेलात, धडधड कितीला सुरू झाली आणि किती वेळ टिकली, त्या संध्याकाळी काय प्यायलात, गोळ्या कितीला घेतल्यात. सकाळी पाच मिनिटांत आठवेल तेवढंच लिहा, रात्री दिवा लावून लिहीत बसू नका. शेजारी झोपणाऱ्याला सांगून घोरण्याचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून घ्या, आवाजासकट. आणि जमलं तर त्या माणसालाच डॉक्टरांकडे बरोबर न्या, कारण झोपेत तुमचं काय होतं ते त्यानेच पाहिलेलं असतं.